मुनीमजींचं ‘एकतीस येम’

“भाऊ, हमाली लिवली, तोलाई लिवली, बारदान्याचं वजन कापलं तेबी लिवलं. मंग हे एकतीस कायचे?”

अकोल्यातल्या एका अडत दुकानाचा ओटा. तुरीचा हंगाम ऐन भरात, पोत्यांच्या थप्प्या पायरीपर्यंत आलेल्या, हवेत भुशाची खाज. शेतकऱ्याच्या हातात हिसाबपट्टी होती, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून नुकतीच करकरत निघालेली. निव्वळ रकमेच्या डाव्या अंगाला एक चौकटी कंस, त्याला चिकटून ३१ आणि इंग्रजीतला बारका एम. उजव्या अंगाला पुन्हा तसाच कंस, एक शून्य आणि एम.

मुनीमजींनी पट्टी आधी हातभर लांब धरली, मग नाकाशी आणली.

“एकतीस येम म्हंजे एकतीस मार्च असन. वर्ष संपते ना.”

“आन् हे शून्य येम?”

मुनीमजी क्षणभर अडले. “ते पुढच्या वर्षाचं.”

शेतकरी काही हलला नाही. मी मागच्या खोलीत, जुन्या कूलरच्या आडोशाला सर्व्हरपाशी बसलो होतो. हे संभाषण ऐकलं आणि पोटात गोळा आला. ते एकतीस माझ्या प्रोग्रॅमने छापलं होतं. ना ते रुपये होते, ना तारीख. तो लाल रंग होता.

आता हे जरा उलगडून सांगावं लागेल. संगणकाच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, रंग वेगळ्या वाटेने येत नाही. अक्षरं ज्या नळीतून वाहतात त्याच नळीतून रंगही वाहतो. आधी एक न दिसणारं अक्षर जातं, त्याचं नाव एस्केप, आस्की कोष्टकातला क्रमांक २७. त्याच्यामागे चौकटी कंस, एक आकडा आणि एम. टर्मिनल हे वाचतं आणि समजतं की हे छापायचं नाही, पाळायचं आहे. ३१ आलं की इथून पुढची अक्षरं लाल, ३२ आलं की हिरवी, शून्य आलं की सगळं पूर्ववत. नाटकाच्या संहितेत कंसात ‘रडत’ लिहिलेलं असतं, तसं. जाणता नट रडतो. नवखा नट ‘कंसात रडत’ असं खणखणीत आवाजात म्हणून मोकळा होतो. आमचा प्रिंटर हा असा नवखा नट निघाला.

प्रिंटरची बाजूही सांगायला हवी. एस्केप त्यालाही कळतो, पण त्याची बोली निराळी. एप्सनच्या घराण्यात एस्केपमागे ई आला की ठसा ठळक होतो आणि एफ आला की ठळकपणा थांबतो. तिथे आमचा चौकटी कंस म्हणजे कोकणातल्या माणसाला ‘काहून’ विचारण्यासारखं. त्याने एस्केप गिळला आणि न पचलेलं उरलेलं कागदावर टाकलं.

एस्केपची कल्पना बॉब बेमर नावाच्या माणसाची. आयबीएममध्ये असताना, १९६० च्या सुमाराला त्याने ती मांडली. त्याच्या डोक्यात रंग नव्हता. त्या काळी प्रत्येक कंपनीची अक्षरांची कोष्टकं वेगळी, तेव्हा एका कोष्टकातून दुसऱ्यात जायला एक दार असावं, एवढाच हेतू. रंगासाठी आस्कीत दुसरेच दोन क्रमांक होते, १४ आणि १५. शिफ्ट आउट आणि शिफ्ट इन. यंत्राची शाईफीत वरखाली करायची, म्हणजे काळ्याऐवजी तांबड्या अर्ध्या पट्टीवर हातोडी पडते, हे त्यांचं मूळ काम.

ही फीत मी पाहिली आहे. आमच्या पिढीतल्या अमरावतीच्या निम्म्या पोरांनी ती पाहिली असेल. बारावीच्या सुट्टीत ‘रिकामा काय हिंडतो’ म्हणून घरच्यांनी राजकमल चौकाजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. पत्र्याखाली वीस मशिनी, मे महिना, आणि वीसही मशिनींचा एकत्र कडकडाट. मशिनीच्या उजव्या अंगाला एक छोटी खटकी असायची. ती निळ्या ठिपक्यावर असली की काळं उमटायचं, पांढऱ्यावर असली की स्टेन्सिल कापण्यापुरतं फितीविना, आणि लाल ठिपक्यावर असली की तांबडं. लालला हात लावायची आम्हाला बंदी. “लाल सायबाची, तुमी काळ्यातच मरा,” असं सर म्हणत. त्यामुळे फितीचा काळा भाग घासून करडा, भोकं पडायच्या बेतात आलेला, आणि लाल भाग मात्र नवरीसारखा. एकदा सर चहाला गेले तेव्हा मी खटकी लालवर नेऊन माझं नाव टाइप केलं. नाव असं काही उठून दिसलं की कागद फाडून खिशात घालावा लागला.

काळ्या पडद्यावर तीच खोड पुढे पंधरा वर्षं केली.

इंजिनिअरिंगला आलो तेव्हा प्रयोगशाळेत टर्बो सी होतं. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची दारं उघडली. बडनेऱ्याचं कॉलेज त्याच सालचं, शेगावचंही त्याच सालचं, आणि त्यांच्या पदव्यांवर शिक्का मारणारं अमरावती विद्यापीठ त्याच वर्षीच्या १ मेचं. योगायोग असा की एमएस-डॉसमध्ये एस्केपचे संकेत समजून घेणारी ‘अ‍ॅन्सी डॉट सिस’ ही फाइलही १९८३ च्याच दुसऱ्या आवृत्तीत आली. आमच्यापर्यंत पोचेतो जगाने ती कधीच मागे टाकली होती. पण आमच्या भागातल्या प्रयोगशाळांनी टर्बो सीचा निळा पडदा इतकी वर्षं जिवापाड सांभाळला की धाकट्या भावंडांनाही मोठ्यांच्याच जर्नली उतरवता आल्या.

टर्बो सीमध्ये ‘टेक्स्टकलर’ नावाचं फंक्शन होतं. त्याला ४ दिलं की लाल, आणि ४ मध्ये १२८ मिळवले की लाल लुकलुकणारं. गुणपत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये ‘नापास’ हा शब्द लुकलुकवण्याचा मोह एकाही विद्यार्थ्याला आवरला नसेल. गंमत अशी की नेहमीच्या ‘प्रिंटएफ’ला या रंगाचा पत्ताच नसायचा. रंग मानायचा तो त्याचा चुलतभाऊ ‘सीप्रिंटएफ’. पोरगं तासभर टेक्स्टकलरचे आकडे बदलत बसायचं आणि पडदा आपला राखाडी तो राखाडीच. शेवटी कुणीतरी कानात सांगायचं, “सी लाव बे मागं.” सी लावला की रंग यायचा, पण ओळी तिरप्या व्हायच्या. हा चुलतभाऊ ओळ संपली की खाली उतरायचा, डावीकडे परत मात्र यायचा नाही. कॅरेज रिटर्न आपण वेगळं द्यायचं. ज्यांनी टायपिंग केलं होतं त्यांच्या हे चटकन लक्षात यायचं, कारण रूळ फिरवणं आणि गाडा ढकलून डावीकडे आणणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. बाकीच्यांचा जिना व्हायचा.

आमच्या बॅचच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले होते. एका मित्राची गुणपत्रिका पडद्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि पायरी पायरी करत उजव्या खालच्या कोपऱ्यात पोचली. शेवटच्या पायरीवर लाल ‘नापास’ लुकलुकत होतं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “हा जिना कुठं जातो?” मित्र म्हणाला, “सर, एटीकेटीकडे.” त्यांना हसू आलं म्हणून तो सुटला.

मग लिनक्स आलं आणि टर्बोची पुण्याई एका दिवसात संपली. टेक्स्टकलर गेलं, आता एस्केप हाताने लिहायचा. इथे दोन खड्डे ठरलेले. एस्केपचा क्रमांक २७, म्हणून पोरं सीमध्ये उलटी तिरपी रेघ देऊन २७ लिहायची. सी ते अष्टमान पद्धतीत वाचतं, म्हणजे भलतंच २३ क्रमांकाचं अक्षर जायचं आणि कंसासकट ३१ पडद्यावर उघडं पडायचं. बरोबर आकडा ०३३. दुसरा खड्डा याहून मजेशीर. टर्बोत लाल म्हणजे ४, म्हणून पोरगं मोठ्या तर्काने ३४ लिहायचं आणि निळं यायचं. यात पोराची चूक नाही. टर्मिनलच्या संकेतांत लालला १, हिरव्याला २ आणि निळ्याला ४ अशी किंमत दिलेली आहे. लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा, १ आणि २ मिळून ३, म्हणून ३३ म्हणजे पिवळा. हिशेब चोख आहे. पण १९८१ चा आयबीएम पीसी हाच हिशेब उलट्या टोकाने मांडतो, निळ्याला १ आणि लालला ४. दोघेही बरोबर आणि मधल्या मधे आमची पोरं निळी.

विंडोजवर तर तिसराच तमाशा. तिथल्या काळ्या खिडकीत २७ व्या जागेवर डावीकडे तोंड केलेल्या बाणाचं चित्र होतं. रंग यायचा नाहीच, पडद्यावर फक्त बाण, कंस, आकडा. एकाने जर्नलमध्ये तो बाणही इमाने इतबारे काढून आणला होता. विंडोजला हे संकेत पुन्हा नीट समजायला लागले ते दहाव्या आवृत्तीत.

त्या काळातलं माझं एक पाप अजून कबूल करायचं राहिलंय. अक्षरांचा काळा ३०, पार्श्वभूमीचा काळा ४०. ही जोडी मी एका मित्राच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाकून ठेवली. तो लॉगिन करायचा आणि टाइप केलेलं काहीच दिसायचं नाही. लॅबमधल्या काकांनी तीन कीबोर्ड बदलले. चौथा आणायला निघाले तेव्हा मी आंधळेपणाने ‘रिसेट’ टाइप करून एंटर मारलं आणि पडदा जिवंत झाला. काका माझ्याकडे आदराने पाहायला लागले. ते मला सहन होईना.

अकोल्याचं काम मिळालं ते याच भांडवलावर. अमरावतीहून एसटीने मूर्तिजापूरमार्गे अकोला, शंभरेक किलोमीटर. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस बुकात नाव लागलं. आमच्या वेळी त्या रस्त्याचं नाव घेताना लोक वेगळ्या भाषेत बोलत. दुकानात एक लिनक्सचा सर्व्हर आणि मुनीमजींसमोर एक टर्मिनल. आवक, तोल, पट्टी, उचल एवढं सांभाळणारा प्रोग्रॅम मी लिहिला. उचल म्हणजे हंगामाआधी शेतकऱ्याने अडत्याकडून घेतलेली रक्कम. बियाण्याला, खताला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दवाखान्याला. माल आला की ती वळती होते. ज्याची उचल बाकी, त्याची रक्कम पडद्यावर लाल करायची, हे मी परस्पर ठरवलं. मागितलं कुणीच नव्हतं. पण शेठजींना पडदा दाखवायचा होता आणि पडद्यावर काहीतरी उठून दिसायला हवं होतं.

शेठजींना लाल आवडला नाही.

“उधारीले लाल काहून?” ते म्हणाले. “आपली वही लाल. लक्ष्मीपूजनाले तिच्यावर कुंकू. शुभ-लाभ लालनं लिवतो. अन् तुम्ही ज्यानं पैसे बुडवले त्याले लाल करता?”

मी बँका, तांबडी शाई, धोक्याचा दिवा असं बरंच काही ऐकवलं. ते खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, “ते एसटी पाहा. तेबी लाल हाय. धोका हाय का तो?” धोका आहेच, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा मला पुढे पटला. चीनमध्ये शेअरबाजाराच्या फलकावर भाव चढला की लाल दाखवतात आणि उतरला की हिरवा. रंगाचा अर्थ पडद्यात नसतो, पाहणाऱ्याच्या घरात असतो. त्या दिवशी मात्र मी तडजोड म्हणून पिवळा करून दाखवला. त्या जुन्या मॉनिटरवर साधा पिवळा तपकिरी दिसायचा. याचंही मूळ आयबीएममध्ये सापडतं. गडद पिवळा डोळ्यांना बरा दिसेना म्हणून त्यांनी आपल्या रंगीत मॉनिटरमध्ये त्या एकाच रंगापुरता हिरवा अंश कमी करणारी जोडणी घातली आणि सहाव्या क्रमांकाचा रंग तपकिरी झाला. ती चाल पुढे कितीतरी पडद्यांनी उचलली. शेठजींनी तो पाहिला आणि म्हणाले, “हा तं शेणाचा रंग झाला. राहू द्या तुमचं लालच.”

म्हणून लाल राहिला. पडद्यावर तो शोभूनही दिसायचा. चूक झाली ती पुढे. पट्टीसाठी वेगळं काही न लिहिता पडद्यावर जाणारा मजकूरच मी प्रिंटरकडे वळवला. नळी तीच, फक्त तोंड दुसरीकडे.

आता त्या सकाळकडे परत येतो. मी बाहेर आलो, त्या शेतकऱ्याची पट्टी घेतली, “मशिनीची चूक आहे काका, तुमचे एकतीस कापले नाहीत,” असं सांगून हाताने दुसरी लिहून दिली. त्यांनी बेरीज स्वतः केली, मग मान डोलावली. प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण ओट्यावर पट्ट्या एकमेकांना दाखवायची पद्धत असते. भाव कुणाला काय लागला, घट किती धरली, हे ताडून पाहिल्याशिवाय कुणी गाडी जुंपत नाही. दुपारपर्यंत लोकांच्या लक्षात आलं की एकतीस सगळ्यांच्या पट्टीवर नाही. काहींच्याच आहे. आणि ते काही कोण, हे गावातल्या माणसाला कळायला कितीसा वेळ लागतो?

“ज्याच्या पट्टीवर एकतीस, त्याच्या आंगावर उचल.” कुणीतरी हसत म्हणालं. एका म्हाताऱ्या बाबांनी आपली पट्टी चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात सारली आणि ते उठून गेले. चहा ठेवलेला तसाच.

मुनीमजींच्या डोळ्यांपुरती असलेली खूण मी चव्हाट्यावर आणली होती. प्रिंटरने लाल शाई वापरली असती तरी एवढं झालं नसतं, लोकांना वाटलं असतं फीत बदलली. आकडा छापला गेला म्हणून खूण वाचता आली.

त्या रात्री दुकानातच थांबून मी दुरुस्ती केली. युनिक्समध्ये यासाठी एक जुनी, साधी विचारणा आहे, ‘इजएटीटीवाय’. म्हणजे प्रोग्रॅमने लिहायच्या आधी विचारायचं, बाबा, समोर खरंच टर्मिनल आहे, की फाइल, की दुसऱ्या प्रोग्रॅमचं तोंड? टर्मिनल असेल तर रंग, नाहीतर नुसती अक्षरं. यादी दाखवणारा ‘एलएस’, शोध घेणारा ‘ग्रेप’, सगळे जाणते प्रोग्रॅम हा प्रश्न विचारतात. त्यांच्यात रंगासाठी तीन पर्याय असतात, कधीच नको, नेहमी हवा, आणि समोरचा पाहून. मी नकळत ‘नेहमी’ लिहून ठेवलं होतं. पुढे २०१७ मध्ये काही लोकांनी आणखी एक संकेत सुचवला. वापरणाऱ्याने ‘नो कलर’ नावाची खूण आपल्या यंत्रावर लावून ठेवली तर प्रोग्रॅमने निमूट रंग आवरावा. बऱ्याच प्रोग्रॅमांनी तो मानला आहे. टायपिंगच्या सरांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, इतकं शिकायला तुमाले पन्नास वर्षं लागली?

सकाळी मुनीमजींना दाखवलं. पट्टी स्वच्छ, पडद्यावर लाल शाबूत. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

“लाल कोणतं?”

मी बोट ठेवलं.

“हे? हे तं मले बाकीच्यासारखंच दिसते. जरासं मळकं.”

लाल-हिरव्यातला फरक त्यांना जन्मापासून कळत नव्हता. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त असतो, आणि अशा काही डोळ्यांना काळ्यावरचं लाल जवळजवळ विझलेलं दिसतं. सहा महिने ते माझा पडदा वापरत होते आणि मला पत्ता नाही. मग उचलवाले कसे ओळखायचे?

“त्यात काय ओळखाचं? त्याहीचे नावं मले पाठ हायेत.”

दोनशे-अडीचशे खाती पाठ. मुनीमजींना लाल दिसत नव्हता, शेठजींना नको होता, शेतकऱ्याला त्याचा त्रास झाला. उरलो मी. त्यानंतर रकमेशेजारी ‘उचल’ असा तीन अक्षरी शब्द टाकला आणि लाल काढून टाकला. म्हणजे पुरता काढला नाही. तोलकाट्याशी जोड तुटली तर एक ओळ लाल येते. त्या ओळीने मुनीमजी नाही तरी हमालांचं पोरगं धावत यायचं.

रंगाचा आणखी एक हिशेब मला बऱ्याच वर्षांनी कळला, आणि तो निव्वळ मराठीचा आहे. दुकानाच्या नोंदी पुढे मराठीत ठेवायला लागलो. साध्या मजकुराच्या फाइली, त्यात ‘ग्रेप’ने शोधायचं, सापडलेला शब्द लाल होऊन येतो. इंग्रजीत हे लोण्यासारखं चालतं. मला अकोल्याच्या नोंदी हव्या होत्या. आता मराठीत अकोला हा अकोला राहतो कुठे? तो ‘अकोल्यात’ होतो, ‘अकोल्याहून’ होतो. म्हणून शहाणपणाने ‘अकोल’ एवढंच शोधलं, म्हणजे सगळी रूपं सापडतील. सापडली. पण ग्रेपने ‘अकोल’ लाल केलं, ल नंतर रंग बंद करायचा संकेत घातला, आणि मग उरलेला काना. काना एकटा उभा राहू शकत नाही. अक्षर आणि त्याचा काना यांच्या मधे कुणीतरी एस्केप घुसवल्यावर पडद्याने त्याला ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकवून दिलं. ‘अकोल्यात’चं तर ल आणि य असं विभाजनच झालं. आपल्या लिपीत जोडाक्षर हा एक संसार असतो. त्यातल्या नवऱ्याला लाल आणि बायकोला पांढरी करता येत नाही.

दुसरा धक्का आमच्या मुलखाच्या नावाने दिला. ‘वऱ्हाड’ शोधलं. निम्म्या नोंदी आल्या, निम्म्या नाहीत. डोळ्यांनी पाहावं तर शब्द तोच. युनिकोडमध्ये या अर्ध्या रची, आपण ज्याला चंद्रकोरीसारखा काढतो त्याची, लिहायची एकच तऱ्हा नाही. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडता येतो. तेच अक्षर र आणि खालचा नुक्ता असं फोडूनही साठवतात. आणि साध्या रचा पाय मोडून मागे न दिसणारा जोडकही घालता येतो. तिन्ही पडद्यावर जुळ्यांसारखे, यंत्राच्या दृष्टीने तीन परके. माझ्या फाइलीत दुकानातल्या पोराने एक तऱ्हा वापरली होती आणि मी दुसरी. लाल न झालेल्या वऱ्हाडाकडे मी किती वेळ पाहत बसलो असेन.

मराठी माणसांनी याचा विचार फार आधी केला होता, हे नंतर वाचनात आलं. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांवर काम चाललं होतं, त्यात मोहन तांबे होते. त्यातून जे तंत्र निघालं त्याचं नाव जिस्ट, आणि त्या नावातल्या टीचा मूळ अर्थ होता टर्मिनल. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे आलं. संगणकात जिस्टचं कार्ड खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची. तेव्हा ज्यांनी सरकारी कचेरीत ते पाहिलं असेल त्यांना आठवत असेल. त्यामागची वर्णसंकेतांची व्यवस्था इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात २३९ व्या जागेवर एक खास संकेत ठेवलेला आहे. त्याच्यामागे जे अक्षर येईल त्याप्रमाणे पुढचा मजकूर ठळक, तिरपा किंवा अधोरेखित होतो. आणि त्याच दाराने लिपीही बदलते. तोच मजकूर देवनागरीतून बंगालीत किंवा तेलुगूत दिसायला लागतो. बेमरच्या एस्केपचा हा देशी भाऊच. त्याच्या यादीत रंग मात्र नाही. ठसा उठवायच्या इतक्या तऱ्हा दिल्या आणि लाल दिला नाही, हे पाहून मला पुन्हा ते टायपिंगचे सर आठवले.

दुकानातलं माझं काम कधीच संपलं. आता तिथे तयार सॉफ्टवेअर आहे, खिडक्या, बटणं, भरपूर रंग. मुनीमजी निवृत्त झाले तरी दिवाळीला ओट्यावर येऊन बसतात. मागच्या खेपेला अकोल्यात उतरलो तेव्हा भेटलो. माझा लाल काढून टाकल्यावरही तो शब्द दुकानातून गेलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. नवी पोरं, ज्यांनी काळा पडदा पाहिलेला नाही, तीसुद्धा उचल बाकी असलेल्या खात्याला ‘एकतीस’ म्हणतात. कशावरून, ते कुणाला ठाऊक नाही.

मी भीत भीत त्या बंडीवाल्या बाबांचं विचारलं. मुनीमजींनी चहाची कपबशी खाली ठेवली.

“त्याहीचं? त्याच साली फिटलं. शून्य येम झालं त्याहीचं.”